कडुलिंबाच्या फडक्यातलं दही

मानवजातीला रोगजंतूंपासून वाचवण्याचा भार फार थोड्या लोकांनी आपणहून उचलला आहे, आणि त्यांतले एक माझे मामेसासरे आहेत. विट्यातल्या एका कापड कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा भार मागच्या अंगणातल्या चुलीवर, आंघोळीच्या हंड्यात ठेवला. आधी हिरड्याचा काढा, मग तुरटी, मग कडुलिंब आणि हळद. या हंड्यात उकळलं नाही असं कापड घरात उरलं नाही. फौजेतल्या भाच्याला त्यांनी मोजे पाठवले. त्याचा फोन आला, "मामा, पायाचा वास गेला. आता मोज्याचा येतोय." मामांनी त्यातलं पहिलं वाक्य गावभर सांगितलं. पुतणीला लग्नात उशांचे अभ्रे दिले. तिसऱ्या दिवशी तिचे पिवळे गाल पाहून सासरच्यांनी काविळीच्या धास्तीनं तिला थेट मिरजेला नेलं. डॉक्टरांनी ओल्या कापसानं गाल पुसला, तशी कावीळ कापसावर आली. मामांचं मत, "रंग लागला म्हंजे औषध लागलं."

लोक हसतात हे मात्र त्यांना आतून लागत होतं. कारखान्यात त्यांच्या एका शब्दावर कापडाची ठाणंच्या ठाणं पास व्हायची. आता त्यांचं हात पुसायचं फडकंही कुणी फुकट घेईना. शेवटी त्यांनी मला गाठलं. "जावईबापू, तुमी शिकल्यालं मानूस. ह्ये कापड जंतू मारतं, एवढं लिहून द्या. तुमच्या सहीला कोन हसत न्हाई."

पुरावा दाखवा, म्हटलं. त्यांनी शोधलेला प्रयोग अस्सल होता, हे मला कबूल केलं पाहिजे. दही लावतात ते जंतूच. दोन लोटकी दूध घ्यायचं, दोन्हींत विरजण घालायचं, एकात साधं फडकं बुडवायचं, दुसऱ्यात औषधी. औषधी फडक्याचं दही लागलं नाही, की मामा जिंकले.

चार दिवस दोन्ही लोटक्यांत दही लागलं. औषधी फडक्याचं तर जरा जास्तच घट्ट. मामांनी चूल विझवली, हंडा पालथा घातला आणि ताटावरून अर्धपोटी उठायला लागले. पाचव्या सकाळी फोन आला, "या लवकर! लागलं न्हाई!"

मी साताऱ्याहून पोचलो तेव्हा मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांनी लोटकं तिरकं केलं. पिवळ्या दुधाची धार वाटीत पडली. "बघा गड्या! एक जंतू जित्ता न्हाई!" जावयाला गड्या म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ते वही आणायला माडीवर गेले, तसा मी स्वयंपाकघरात डोकावलो.

"मामी, काल विरजण कुणी घातलं?"

"मीच की. साध्या लोटक्यात."

"आणि दुसऱ्यात?"

मामींनी जिन्याकडं बघितलं. "आवं, हळू बोला. चार दिस मानूस धड जेवलं न्हाई. आज दोन भाकरी खाल्ल्या."

मामा आले. पेनाचं टोपण त्यांनी स्वतः काढून दिलं आणि समोर उभे राहिले, कारखान्यात साहेबासमोर उभे राहत असतील तसे. खोट्या प्रमाणपत्रांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. मी तारीख घातली, लिहिलं, 'औषधी फडक्याच्या लोटक्यातलं दही लागलेलं नाही,' आणि खाली सही केली.

दही खरोखरच लागलं नव्हतं.