बोल्टवरची पिवळी रेघ

पिवळ्या रंगाची रेघ ओढलेला नट कुठे दिसला, मग तो शेजाऱ्याच्या पंपाचा असो की लिफ्टच्या दाराचा, माझे पाय अजूनही थबकतात. खुनाच्या केसेस मी पुष्कळ तपासल्या. त्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही केस कागदावर साध्या फसवणुकीची, आणि तीच तेवढी लख्ख आठवते. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं हयात आहेत, आणि भोपाळातली मराठी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

निवृत्ती जवळ आली होती. मी ठाण्याचा प्रभारी होतो. इकडे त्याला टी.आय. म्हणतात. सकाळची हजेरी उरकली, रात्रगस्तीचा अहवाल ऐकला, चहा तोंडाला लावतोय तोवर मुन्शीने नागपूर पोलिसांकडून वर्ग होऊन आलेला गुन्हा टेबलावर ठेवला. व्यवहार भोपाळात झाला, म्हणून तपास आमच्याकडे.

तक्रारदार नागपूरची एक नोकरदार बाई. तिने आमच्या हद्दीतल्या डीलरकडून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, नागपुरात बसल्या बसल्या. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, कागद मागवले, गाडी ट्रकवर चढून गेली. काही आठवड्यांनी उड्डाणपुलावर गाडी एकाएकी बंद पडली आणि मागून ट्रकने धडक दिली. बाई वाचली. मागच्या सीटवर तिची आई होती. तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही.

आरोपी दोघे. एक डीलर. दुसरे तिचे काका.

हे काका नात्याचे नव्हेत. तिचे वडील आणि काका एकाच सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, क्वार्टर शेजारी शेजारी. वडील गेल्यावर ती आईला घेऊन नागपूरला गेली. जाहिरात भोपाळची दिसली तेव्हा तिने पहिला फोन काकांना केला. काका गाडी पाहून आले आणि म्हणाले, घे. त्या एका शब्दावर तिने गाडी घेतली. आता तक्रारीत लिहिलं होतं की काकांनी डीलरशी संगनमत करून तिला फसवलं.

सोबत नागपूरच्या वर्कशॉपचा अहवाल होता. यंत्र लावून पाहिलं तर बॅटरीचे आतले बरेच भाग निकामी, बहुधा कधीतरी पाणी शिरलेलं. आणि बॅटरीवरचा नंबर मूळ कागदांशी जुळतो. म्हणजे बॅटरी तीच, आणि आधीपासूनच नासलेली. मग ज्याने तपासली त्याने काय डोळे मिटून तपासली?

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहब, वो मराठी बुड्ढा हर डीलर से कमीशन खाता है. मार्केट में किसी से भी पूछ लो." माझ्या हवालदाराने फोन ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, आपके वाले हैं. देख लीजिएगा." माझं डोकं सणकलं. मीही मराठीच, उज्जैनचा. खाकी घातल्यावर 'आपके वाले' कुणी उरत नाही, हे मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. काकांना हजर राहण्याची नोटीस त्याच दिवशी काढली.

डीलरला आधी बोलावलं होतं. गुळगुळीत माणूस, हातात दोन मोबाइल. "सर, मैं क्या बोलूँ, अंकलजी ने खुद चेक करके पास की. बाद का मैं कैसे जानूँ?" असं म्हणून त्याने हात झटकले. बोलण्यात कुठे फट नव्हती.

काका दिलेल्या वेळेच्या आधीच येऊन बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर कापडी पिशवी. मी विचारलं, "पिशवीत काय?"

"कपडे. आत ठेवणार असाल तर लागतील ना."

अशी माणसं मी दोन प्रकारची पाहिली आहेत: पक्की मुरलेली, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढलेली. यांना कुठल्या रांगेत बसवावं ते मला कळेना.

"डीलरकडून काय घेतलंत?"

"चहा घेतला. बिनसाखरेचा."

"मग बॅटरी खराब निघाली कशी? नंबर तर कागदांशी जुळतोय."

"तेच मला कळत नाही. मी पाहिली तेव्हा चांगली होती."

"सगळेच असं म्हणतात."

"म्हणत असतील," ते म्हणाले. आवाज चढला नाही.

मी त्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यावर मात्र ते खुर्चीत सरसावून बसले.

"पोरीला मी आधीच बजावलं होतं, व्हिडिओवर भुलू नकोस. व्हिडिओत पॉलिश दिसतं. ही पेट्रोलची गाडी नाही, की बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि झालं. हिचा सगळा जीव बॅटरीत, आणि ती असते पोटाखाली. डीलरने चार्जिंग फुल करून ठेवलं होतं. पडद्यावर भलेमोठे किलोमीटर दिसत होते. तो आकडा म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज, मागच्या फेऱ्यांवरून. म्हटलं, चला, चालवून बघू. एसी लावून बिट्टन मार्केटहून कोलारपर्यंत नेली, आणली. अंतराच्या मानाने चार्जिंग उतरायला हवं तेवढंच उतरलं. मग एका गॅरेजात यंत्र लावून बॅटरीची तब्येत वाचून घेतली, लिफ्टवर चढवून खालून पाहिली. गंज नाही, गाळ नाही, ठोकर नाही. मग घरी येऊन पोरीला फोन केला."

"गाडी नागपूरला कधी गेली?"

"बऱ्याच दिवसांनी. डीलर म्हणत होता, एनओसी अडकलीय."

मी गॅरेजवाल्याकडे गेलो. दारात पोलिसांची जीप पाहताच त्याने कानांवर हात ठेवले. "साहब, रोज इतनी गाड़ियाँ आती हैं, किसे याद रहता है?" जीप दिसली की लोकांची स्मरणशक्ती जाते, हा माझा जुना अनुभव. एकूण काय, काकांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. त्यांना अटक करायची की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

त्याआधी घराची झडती घ्यावी आणि बँकेची पासबुकं पाहावीत म्हणून मी शाहपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. माझ्यामागे दोन शिपाई पाहून म्हणाल्या, "या. माळाही बघून घ्या. पसारा आहे, तेवढा आवरून द्या म्हणजे झालं." काका आतून म्हणाले, "अगं, बोलू नकोस काही." "का नको बोलू? तोंड शिवून बसायला मी काय चोरी केलीय?"

पासबुकांत काही नव्हतं. काकूंनी पाणी दिलं आणि माझ्यासमोरच बसल्या. "साहेब, दरवर्षी आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मंडपाची वायरिंग हे तपासतात. यंदा गेले तर म्हणाले, काका, तुम्ही आराम करा. परत येऊन हे अंगणात उभेच राहिले. जेवले नाहीत. ज्या पोरीने तक्रार केली ना, तिला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातलंय. तिची आई अंथरुणाला खिळली त्याचं दुःख आम्हाला नाही? पण एवढं सगळं करून आम्हीच चोर?" मी नजर चुकवून स्वयंपाकघराकडे पाहू लागलो.

तिथे मला त्या रेघा दिसल्या. पाण्याच्या फिल्टरच्या नटावर, पंख्याच्या दांडीवर, खिडकीच्या स्क्रूंवर. बारीक, सरळ, पिवळ्या.

"हे काय आहे?"

"हा यांचा रोग," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "कारखान्यात तपासणी विभागात होते. नट आवळून पाहिला की रंगाच्या पेनाने रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. मागाहून कुणी नट फिरवला तर दोन तुकडे जुळत नाहीत. माझ्या कुकरचं हँडलसुद्धा सोडलं नाही."

मी वळून काकांकडे पाहिलं. "गाडीला ओढली होती?"

त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं. "लिफ्टवर होती... बॅटरीचे बोल्ट मी एकेक पाहिले... ओढली असणार. ओढलीच."

"अहो, मग ठाण्यात का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय? घरातून निघताना कडी लावली, हे कुणी सांगत बसतं का?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि नंबर जुळला म्हणालात ना तुम्ही. म्हणजे बॅटरी तीच. मग माझीच नजर चुकली, माझ्यामुळे वहिनींचे पाय गेले, असंच मी धरून चाललो होतो."

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी नागपूर गाठलं. गाडी पोलिसांच्या आवारात धूळ खात पडली होती. दोन पंच बोलावले, गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन लिफ्टवर चढवली आणि टॉर्च घेऊन मी स्वतः खाली शिरलो. रेघा होत्या. पत्र्यावरची अर्धी जागच्या जागी, बोल्टवरची अर्धी भलतीकडेच तोंड करून. काही बोल्ट तर कोरे, नवेच बसवलेले. नागपूरच्या वर्कशॉपने बॅटरी उतरवलीच नव्हती, बाहेरून यंत्र लावलं होतं. तसा जबाब घेतला. मग नंबरची पट्टी भिंगाखाली पाहिली. कडांना उचकटल्याच्या खुणा, खाली नवा गोंद. काकांनी पाहिल्यानंतर कुणीतरी बॅटरी बदलली होती आणि मूळ बॅटरीची पट्टी या खराब बॅटरीवर डकवली होती. हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "सर, अंकलजी तो बच गए." पंचनाम्यावर सही करताना माझा हात हलका झाला होता.

भोपाळला परतल्यावर डीलरला पुन्हा बोलावलं. बोल्टचा फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि मी चहा पीत बसलो. चौकशीत गप्प बसण्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पापी माणसाला ती शांतता सहन होत नाही.

"ये क्या है सर?"

मी बिस्कीट बुडवलं.

"सर, कसम से, बैटरी मैंने नहीं बदली. वो तो अशोका गार्डन वाले ने..."

बॅटरी बदलली हे माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. त्याच्याही ते ध्यानात आलं. मग भडाभडा बोलला. अशोका गार्डनला, रेल्वेच्या रुळांलगतच्या एका गाळ्यात हा धंदा चालायचा. पुरात बुडालेल्या गाड्या भंगारात घ्यायच्या. गिऱ्हाईक परगावचं असलं की चांगली गाडी दाखवायची, तपासूही द्यायची, आणि ट्रकवर चढण्याआधी तिच्यात बुडालेल्या गाडीची बॅटरी बसवायची. परगावचं गिऱ्हाईक परत येऊन खाली वाकून बघत नाही, हा त्यांचा हिशेब. काकांनी तपासलेली चांगली बॅटरी आम्हाला दुसऱ्याच गाडीत सापडली. ती गाडी पुसून पुसून चमकवली होती. तिचा व्हिडिओ कुठल्याशा दूरच्या घरी आधीच पोहोचला होता. निनावी फोन या गाळ्यावरच्याच माणसाने केला होता.

काकांचं नाव आरोपींच्या यादीतून गेलं. साक्षीदारांच्या यादीत आलं. मंडळाने त्यांना घरी जाऊन बोलावलं. ते गेले नाहीत. कुणी जुना फ्लॅट बघायला चला म्हणालं, कुणी इन्व्हर्टर, सगळ्यांना एकच उत्तर, "तुमचं तुम्हीच बघा बाबा." मी निर्दोष ठरवलेला माणूस असा हात आखडून बसलेला पाहून मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

कोर्टाच्या हुकमाने गाडी आणि बॅटरी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, तक्रारदाराला द्यायची होती. गाडी भोपाळला आणून बॅटरी इथल्याच वर्कशॉपमध्ये बसवायची ठरली. बाई नागपूरहून आली. ओळख पटवायला काकांना मी स्वतः घेऊन गेलो. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा ते मागे सरकले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"काका, माझं चुकलं. आईची ती अवस्था, त्यात रिपोर्टमध्ये नंबर जुळलेला... मला काही सुचलंच नाही."

"रिपोर्ट पोलिसांसाठी असतो, बाळा. तू मला फोन करायचास. एवढंच म्हणायचंस, काका, असं कसं झालं? दिवसभर फोन हातात धरून बसायचो मी. तुझी काकू म्हणायची, ती करेल."

ती उभ्या उभ्या हुंदके देऊन रडू लागली. लिफ्टवर मेकॅनिकने शेवटचा बोल्ट आवळला आणि बाजूला झाला. काका गाडीखाली गेले. एकेक बोल्ट हाताने चाचपून पाहिला. मग खिशातलं पेन काढलं, झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे पेन परत खिशात जाणार.

नोकरीत मी एक शिकलो होतो की पुरावा माणसाला सोडवतो. या केसने पुढचं शिकवलं: सुटलेल्या माणसाला त्याची पत पोलीस परत देऊ शकत नाहीत. ज्याने काढून घेतली त्यालाच ती द्यावी लागते, आणि तेही समोर येऊन.

काकांनी पहिल्या बोल्टवर रेघ ओढली. थोडी वाकडी गेली. मग त्यांनी मान वळवून पोरीला खूण केली. ती डोळे पुसत गाडीखाली आली.

"आता माझ्या एकट्याच्या भरवशावर राहू नकोस," ते म्हणाले आणि पेन तिच्या हातात दिलं. "हात लावून बघ, घट्ट आहे का. आहे? मग ओढ."

तिने ओढली. काकांनी टॉर्चच्या उजेडात ती नीट पाहिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता पुढचा."