आधी प्रमिला, मग मी

भूतबित मी मानत नाही. मशीन सांगितलं तेवढंच करतं, हे वाक्य भंडाऱ्यातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये मी रोज पोरांना ऐकवते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई — आणि प्रमिला. प्रमिला म्हणजे मिस्टरांची पहिली बायको. माझ्या लग्नाच्या आधीच आजारपणात गेली. मी दुसरेपणावर आलेली.

दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी यांच्याकडे रीत आहे. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. घरात माझ्यासाठी नवीन काही आलं की आधी ते टाकाला लावायचं आणि म्हणायचं, "प्रमिलाबाई, आधी तुम्ही वापरा." साडी, बांगड्या, चप्पलसुद्धा! स्वयंपाकघरातल्या पितळेच्या गंजांवर म्हणजे पातेल्यांवर, डब्यांवर तिचंच नाव कोरलेलं. भात मी शिजवायचा, तोही तिच्या नावाच्या गंजात. मेलेल्या बाईचा कसला हेवा, असं लोक म्हणतात. त्यांनी माझ्या जागी येऊन राहून बघावं. माझा जळफळाट व्हायचा, अजूनही होतो.

म्हणून मी एक फोन घेतला. नागपूरच्या एका पोराकडून, वापरलेला, लिनक्सवर चालणारा, खालून कीबोर्ड सरकून बाहेर येणारा. ठरवलं, हा फक्त माझा. टाकाला लावायचा नाही म्हणजे नाही.

त्यावर मला मराठी टायपिंग हवं होतं. घरात कुणी वाचू नये असं काहीबाही लिहायला. पण कंपनीनं तो फोन केव्हाच बंद केलेला, त्यामुळे पॅकेज, म्हणजे प्रोग्रामच्या तयार फाइली, नेटवरून आपोआप येणं बंद. एकेक फाइल इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर शोधायची, मेमरी कार्डावर घ्यायची आणि फोनच्या काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन हातानं बसवायची. त्यातही गंमत अशी की एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. याला डिपेंडन्सी म्हणतात. आधी ते बसवा, मग मी बसतो!

मी चिकाटीनं सगळी बसवली. शेवटचं उरलं मराठी कीबोर्डचं. कमांड दिली तर स्क्रीनवर आलं — या पॅकेजला 'प्रमिला' लागतं, ते इन्स्टॉल नाही.

इंग्रजी अक्षरांत, स्वच्छ. मी पुन्हा दिली. पुन्हा तेच.

पहिला संशय मिस्टरांवर. पण त्यांना फोन उचलणं आणि ठेवणं याच्या पलीकडे काही येत नाही. इन्स्टिट्यूटमध्ये माझ्या सवतीचं नाव कुणाला ठाऊक नाही. तीच फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली — तिच्या डिपेंडन्सीत प्रमिला नव्हतीच. नेटवरही त्या नावाचं पॅकेज सापडलं नाही. फाइल नव्यानं उतरवून आणली, फोनमधलं सगळं पुसून पहिल्यापासून केलं. शेवटच्या पायरीवर बाई हजर!

रविवारी दुपारी अशीच डोकं धरून बसले होते. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"नवा फोन होय का वं? तिले दाखवला?"

"नाही."

"काहून नाही दाखवला?"

"माझा आहे म्हणून."

"तुयाच हाय वं बाई, कोन नाई म्हंते? पन ती तुयापेक्षा मोठी हाय. तिले इचारून घ्या लागते."

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन उचलला, गळ्यातल्या टाकावर आपटल्यासारखा टेकवला आणि ओरडले, "घ्या प्रमिलाबाई! आधी तुम्ही वापरा! झालं समाधान?"

आणि रागारागात तीच कमांड पुन्हा दिली. तीच फाइल, तेच कार्ड. नेट बंद.

इन्स्टॉल झालं.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. सासूबाई शांतपणे खडे वेचत होत्या. तपासलं, तर फोनमध्ये प्रमिला नावाचं पॅकेज बसलेलं होतं. आत एकही फाइल नाही. साइज शून्य.

मिस्टर घरी आल्यावर सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. फोन हातात घेऊन त्या नावाकडे बघत राहिले, मग अंगठ्यानं हळूच स्क्रीन पुसली. माझ्याकडे असं कधी बघितलं नाही त्यांनी. खरं सांगते, त्या शून्य साइजच्या पॅकेजचा मला इतका हेवा वाटला की रडूच आलं.

"कायले रडून राहिली?" ते म्हणाले. "नाव तर हाय नुस्तं."

"नुसतं नाव आहे ना? मग काढून टाकते."

मी त्यांच्यासमोरच काढायची कमांड दिली. फोननं उत्तर दिलं — प्रमिला काढल्यास पुढील पॅकेजेसही निघतील. आणि खाली भराभर नावं आली. फॉन्ट, कीबोर्ड, मी हातानं बसवलेलं एकूण एक. शेवटी प्रश्न : पुढे जायचं? हो की नाही?

मिस्टर माझ्या हाताकडे बघत होते. कमांडकडे नाही, माझ्या हाताकडे.

मी 'नाही' दाबलं.

ते पॅकेज आलं कुठून, मला आजही सांगता येत नाही. फोन दोन जाणकारांना दाखवला, त्यांनीही हात टेकले. प्रमिलाबाईंवरचा माझा राग गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण हे सगळं मी त्याच फोनवर, त्याच कीबोर्डवर लिहिलंय. त्या नसत्या, तर त्यांच्याविरुद्ध ही एक ओळसुद्धा मला लिहिता आली नसती.