नगाऱ्याचा आवाज

“ज्याच्या भरवशावर जंगलात जाता, त्याले अगोदर जेवू घाला.” धुरपताबाई हे रोज म्हणते आणि म्हणता म्हणता भाताचा पहिला घास नगाऱ्यापुढे ठेवते.

नगाऱ्या तिचा कुत्रा. रंग पळसाच्या वाळक्या पानाचा, अंग बेताचं, पण बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, या काठावर भुंकला तर त्या काठावरचे बगळे उठावेत असा आवाज. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला खेटून. साऱ्या गावाच्या बकऱ्या धुरपताबाई चारते. खांद्यावर कुऱ्हाड असते. पण कुऱ्हाड वाघ दिसल्यावर कामाची. त्याच्या आधी कामाचा तो नगाऱ्याच. त्याचं भुंकणं ऐकून ती बकऱ्या घेऊन किती वेळा मागे फिरली, ते तिलाच ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या शिवारात एक पिसाळलेला कुत्रा फिरला. मग नागभीडहून नजमा लस घेऊन आली. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते. बर्फाचा डबा घेऊन चिंचेखाली बसली, पण गावातला एकही कुत्रा तिच्याकडे आला नाही. लोकांनी आपापले कुत्रे सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, बांधून ठेवले होते. शहरात नसबंदी करून सोडलेले, कानाचं टोक कापलेले कुत्रे काही दिवस गप्प पडलेले आमच्या माणसांनी पाहिले होते. तेव्हापासून गावाचं पक्कं झालं होतं: सुई टोचली की कुत्र्याचा आवाज जातो. आणि मुका कुत्रा जंगलकाठच्या माणसाला काय कामाचा?

“अहो, आवाज कसा जाईल? ही पिसाळू नये म्हणून लस आहे,” नजमा सांगून थकली.

तेवढ्यात धुरपताबाई नगाऱ्याला दोरीनं ओढत आली. पारावर देवराव बसला होता. गावात सर्वांत जास्त बकऱ्या त्याच्या, आणि नगाऱ्याचा सर्वांत जास्त राग त्याच्यावर. का, ते कोणालाच माहीत नाही.

“काऊन बाई, मुका करून घेता का त्याले?”

“पिसाळला तं पह्यले तुमच्याच पोटरीले धरन, भाऊ. डोळा आहे त्याचा.”

सारे हसले. नगाऱ्यानं दात दाखवले, म्हणून नजमानं कापडाच्या पट्टीनं त्याचं तोंड बांधलं, सुई दिली आणि पट्टी सोडली. “उद्या मी पलीकडच्या गावात आहे,” असं सांगून ती निघून गेली.

नगाऱ्या घरी येऊन खाटेखाली शिरला तो शिरलाच. संध्याकाळी लोक पाहायला जमले, तेव्हा देवराव मुद्दाम तिच्या अंगणातून गेला, परत आला. नगाऱ्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

“गेला आवाज!” देवराव म्हणाला. पण त्याला आनंद झाला नाही. त्याच्याही बकऱ्या त्या आवाजाच्या भरवशावर होत्या.

“तोंड बांधलं म्हणून रुसला तो,” धुरपताबाईनं सांगितलं. लोक गेल्यावर मात्र ती बराच वेळ नगाऱ्याच्या गळ्यावर हात ठेवून बसली.

सकाळी कोणीच बकऱ्या सोडल्या नाहीत. “आज राहू द्या, बाई,” एवढंच जो तो म्हणाला. तिनं फक्त आपल्या सोडल्या, नगाऱ्याला पहिला घास दिला, कुऱ्हाड घेतली.

“चाल. रुसायचं असन तं चालता चालता रुस.”

बोडीच्या बांधावर, पाळीवर, देवरावचं घर. तो वाटेतच उभा राहिला. “मुका कुत्रा घेऊन जंगलात जाऊन राह्यल्या, काही झालं तं? ऐका माझं, फिरा मागं.” आणि त्यानं पुढच्या बकरीला वळवायला हात उगारला.

नगाऱ्या असा भुंकला की पाण्यावरचे सगळे बगळे एकदम उठले. देवराव दचकून मागे सरला, त्याचा एक पाय चिखलात गेला. पण तो हसत होता.

“भुकला! मलेच भुकला!”

“तुमच्याशिवाय आहे कोण त्याले,” धुरपताबाई म्हणाली.

देवरावनं चिखलाच्या पायानंच गोठ्याचं दार उघडलं. “ह्या बी घेऊन जा.” मग सांदवाडीत जाऊन त्यानं आपला कुत्रा सोडून आणला, पलीकडच्या गावात नजमाकडे न्यायचा म्हणून.

धुरपताबाई थांबली नव्हती. पुढे बकऱ्या, मध्ये ती, मागे नगाऱ्या, दर चार पावलांनी वळून देवरावला भुंकणारा. पाळ संपली, बांबूचं रान लागलं. देवराव कुत्र्याची दोरी धरून तिकडेच पाहत राहिला. शेवटची बकरी दिसेनाशी झाली, मग बाई, मग नगाऱ्याही, तरी तो निघाला नाही. तो आणि त्याचा कुत्रा, दोघांचेही कान जंगलाकडे होते.