बिनदुधाच्या घरात

सालीवर काळे ठिपके आलेली केळी घ्यायची. पिवळीधमक घेऊ नयेत, ती महागही असतात आणि गोडीलाही कमी. आमच्या नल्लकुंट्याच्या बाजारात संध्याकाळी गाड्या उठायच्या वेळेला तसली केळी स्वस्तात मिळतात, एका बाजूनं दबलेली पपईही मिळते. केळ्याच्या चकत्या करून डब्यातून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. सकाळी त्यांच्यासोबत पपई, उकडलेलं बीट नाहीतर वाफवलेला तांबडा भोपळा आणि मूठभर पालक. बदामाचं दूध आपल्याला परवडत नाही, म्हणून भिजवलेले शेंगदाणे वाटून, गाळून त्यांचं दूध घालायचं. ते बेतानंच. मिक्सर थांबल्यावर आत चमचा उभा राहिला पाहिजे. वरून भिजलेला सब्जा, भाजलेलं जवस, कारळ, चुरमुरे. हे प्यायचं नसतं, वाडग्यातून चमच्यानं खायचं असतं.

हे लेकीनं शिकवलं. ती याला स्मूदी बोल म्हणते. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "बोल? मग आईला रोज चारा की. बोलायला तरी लागेल."

आम्ही हसलो. सासूबाई आतल्या खोलीत पडलेल्या होत्या. उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. ऐकू मात्र सगळं येत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पातळ काही देऊ नका, पाणीसुद्धा घट्ट करून द्या, नाहीतर ठसका लागून छातीत उतरेल. गुळगुळीत, दाट असं काहीही चालेल. दाट खीर, घट्ट दही, फळं वाटून. मी तिथं उभी होते, सगळं नीट ऐकलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी ऐकलंच नव्हतं असं वागले.

लेक तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत घरी होती, आणि त्याच दिवसांत ती वीगन झाली. दूध, दही, तूप सगळं बंद. "मम्मी, ते वासराचं असतं यार. आपण चोरतो." एकाच घरात दोन तऱ्हा नकोत, दूधच बंद करू, असं मी म्हटलं. लेकीनं मागितलंही नव्हतं. तिनं मला मिठीच मारली. हे माझ्याकडे बघत राहिले. दोन वेळा सायीचा चहा लागणारी बाई एकदम कशी काय पालटली, म्हणून.

त्यांना कळलं नाही. कसं कळणार? घरातलं दूध पुरुषांपर्यंत पोचतं ते तापवलेलं, गाळलेलं, साखर घातलेलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही मलकपेठेत भाड्यानं राहत होतो. म्हशीचं दूध यायचं आणि ते सासूबाईंच्या ताब्यात असायचं. तापवणार त्या, झाकणार त्या, साय काढणार त्या. साय लेकाच्या ताटात, भाकरीवर साखर पेरून. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझ्या माहेरीही तसंच होतं. पण लेक झाली, अंगावर दूध पुरेना, तेव्हा मी मागितलं. एकदाच मागितलं. त्या म्हणाल्या, "नक्को. पोरीच्या आईला कशाला लागतंय सायीचं दूध? वात होतो." आणि माझ्या देखत पेल्यात तळाशी दूध, वर पाणी ओतून पेला पुढं केला. मी प्याले. पोर रडत होती, मी काय करणार?

पुढं नणंदेला मुलगा झाला. त्याला मांडीवर घेऊन सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "बघा गं, माझी दुधावरची साय!" नातवंड म्हणजे दुधावरची साय, पोटच्या लेकरापेक्षाही लाडकी, असं आपल्यात म्हणतातच. माझी रांगती लेक तेव्हा त्यांच्याच पायाशी होती. तिला हा शब्द कधी मिळाला नाही. तिला 'पोरगी' म्हणायच्या, राग आला की 'तुझी पोरगी'.

तर घरातलं दूध बंद झालं ते हे असं. लेकीनं तत्त्व म्हणून सोडलं. मी त्या तत्त्वाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. ज्या बाईनं माझा पेला पाण्यानं भरला, तिला आता साय बघायलाही मिळणार नाही, हे मला दिसत होतं. आणि दिसत होतं म्हणून बरं वाटत होतं. सकाळी मिक्सर लावताना मी गुणगुणायचे.

पण माझ्या मनात जे चाललं होतं त्याचा लेकीला पत्ता नव्हता. ती आपला बोल वरून सजवायची, फोटो काढायची, आणि मग तेच वाटण पुन्हा बारीक करून, चाळणीतून काढून आजीसाठी न्यायची. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची.

"आजी, आ करो ना. मोठ्ठा आ."

आजी अर्धं तोंड उघडायची.

"हौ, अश्शी! आता तू पण वीगन झालीस बघ. मिशा बघ तुझ्या, गुलाबी गुलाबी!"

बिटानं ओठ रंगलेले असायचे. सासूबाई ज्या बाजूनं हसता येत होतं त्या बाजूनं हसायच्या. मी दारातून बघायचे. त्या बाईला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आता? आता कशाला?

दोन-अडीच महिन्यांत लेकीला पुण्यात नोकरी लागली. ती गेली.

ह्यांनी त्याच आठवड्यात विचारलं, "आता अर्धा लिटर लावायचं का? चहापुरतं तरी?"

"पोरगी काय म्हणेल?"

"पोरगी इथं कुठाय?"

"रोज व्हिडिओवर असते की."

"व्हिडिओवर वास येतो का गं दुधाचा?" असं म्हणून ते चपला घालून कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. मग रोजच जायला लागले. घरात भांडण होण्यापेक्षा बाहेर चहा बरा, असा त्यांचा स्वभाव. मला तो सोयीचा पडला.

लेक गेल्यावर वाडगं घेऊन मी बसायला लागले. मी खुर्ची ओढत नसे, उभ्यानंच भरवायचे. एका सकाळी सासूबाईंनी चमच्याआधीच तोंड हलवलं. घशातून खरखर आली. मग शब्द आला. आजारपणानंतरचा पहिला.

"सा...य."

मी चमचा तसाच धरून उभी. पुन्हा म्हणाल्या. "साय."

मी वाकून, बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "साय नाही मामी. आपल्या घरात आता दूधच येत नाही." हे वाक्य म्हणताना माझ्या अंगातून काहीतरी गोड उतरलं. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं त्या पेल्यातलं पाणी मी पोटात धरून होते, ते त्या दिवशी बाहेर पडलं.

मग तो शब्द रोज यायला लागला. ह्यांनाही ऐकू गेला. "मागतेय तर दे ना थोडी," म्हणाले.

"डॉक्टरांनी दूध नको म्हणून सांगितलंय."

डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी पुढं विचारलं नाही. आईचं औषधपाणी माझ्याकडे, त्यांना काय ठाऊक?

एका रविवारी लेकीचा व्हिडिओ आला. ह्यांनी फोन सासूबाईंच्या तोंडापुढं धरला, तेवढ्यात दार वाजलं म्हणून फोन माझ्या हातात देऊन ते गेले. पडद्यावर लेक ओले केस पुसत काहीतरी सांगत होती. सासूबाईंनी चालणारा डावा हात उचलला. बोट पडद्यावर, लेकीच्या गालावर टेकवलं आणि म्हणाल्या, "साय."

म्हणजे वाडग्याकडे त्या कधी बघतच नव्हत्या. रोज बघत होत्या ते खिडकीकडे, खुर्चीकडे.

मला तेव्हाच कळलं. त्या क्षणी, पुरतं कळलं. लेक विचारत होती, "काय म्हणते आजी?" मी म्हटलं, "काही नाही, ठसका आला," आणि फोन बंद केला.

का? माझ्या लेकीला हा शब्द मिळावा म्हणून मी जळले होते. आणि तो आला तेव्हा मला द्यावासा वाटला नाही. वाटलं, इतक्या सहज? आयुष्यभर पायाशी रांगवलं, आता दोन महिने चमचा धरला म्हणून साय? मी एवढंच उत्तर काढू शकले आहे. याहून चांगलं उत्तर असेल असं वाटत नाही.

दसऱ्याला लेक आली. बॅग टाकून थेट आतल्या खोलीत गेली. हे बाजारात आपट्याची पानं आणायला गेले होते. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"मम्मी! आजी बोलतीय! साय म्हणतीय. साय म्हणजे काय?"

तिची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू, मैत्रिणी उर्दूच्या. घरातलं मराठी तिला येतं, पण घरात दूध होतं तेव्हाही ती मलईच म्हणायची.

मी ओट्याशी होते. हात पुसले. म्हटलं, "मलई."

खोटं बोलले नाही. शब्दकोशात कोणी बघितलं तरी तेच सापडेल.

ती दारात आली. चेहरा पडलेला. "कधीपासून मागतेय?"

"बरेच दिवस."

"आणि तू दिली नाहीस? माझ्यामुळं?"

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा होत होता, तो मी होऊ दिला.

ती तशीच खाली गेली. वीगन पोरगी, चामड्याचा पट्टासुद्धा न वापरणारी, दुकानातून सायीचं दूध घेऊन आली. तिनं ते स्वतः तापवलं, निवू दिलं, वाटीत साय काढली. तिला ती काढता येत नव्हती, तुटत होती. दुधाच्या वासानं तिला मळमळत होतं ते दिसत होतं. वाटी घेऊन ती खुर्चीवर बसली.

"आजी, सॉरी हां. घे. मलई."

सासूबाईंनी ओठ मिटले. तिनं चमचा लावला, त्यांनी मान फिरवली. साय हनुवटीवरून ओघळली. डावा हात वर आला, लेकीच्या गालाला लागला. "साय," त्या म्हणाल्या.

"हीच तर आहे आजी, खा ना. प्लीज खा ना."

पुन्हा "साय." पुन्हा तिनं चमचा पुढं केला. दोघी एकमेकींना एकच शब्द सांगत होत्या आणि दोघी रडत होत्या. मी दारात होते. मी पदर सारखा करून स्वयंपाकघरात आले आणि पुरणाची डाळ पाहिली.

सासूबाई थंडीत गेल्या. लेकीला वेळेवर पोचता आलं नाही.

तिनं वीगनपण सोडलं. आता दूध पिते, आवडत नसूनही. मागच्या महिन्यात म्हणाली, "माझ्या नियमापायी आजी शेवटपर्यंत मलईला तरसली ना मम्मी? आणि मी आणली तेव्हा माझ्यावर रागावून खाल्ली नाही." मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस." एवढंच म्हटलं. मैत्रिणींनाही ती हे सांगते, हसत हसत, की माझ्या आजीची शेवटची इच्छा मी मोडली.

एका वाक्याचं काम आहे. तुला म्हणत होती गं ती, तूच साय. हे इथं लिहिता आलं. फोनवर मात्र दर रविवारी मी हवा विचारते, जेवण विचारते, आणि ठेवून देते.

मराठी तिला वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा हे मला माहीत होतं.