आम्ही चुकीच्या उंबरपाड्याला पोचलो

अण्णांनी चहा अर्धा ठेवला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त. तिथल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी मेसेज आला होता: सीताराम भोये, रा. उंबरपाडा, यांचे निधन. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

सीतारामकाका आणि अण्णा बावीस वर्षं एका मशीनवर होते. एकाचा डबा दुसऱ्यानं खायचा, असा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर काका डोंगरातल्या आपल्या गावी गेले. आधी फोन व्हायचे, मग कमी झाले, आणि गेलं वर्षभर नंबरच लागत नव्हता.

"दर वेळी म्हणायचा, गावाला ये," अण्णा म्हणाले. "मी एकदाही गेलो नाही. आता दारावर तरी जाऊन येतो. बसनं जाईन."

"बसनं नको," मी म्हटलं. "शनिवारी माझ्या गाडीवर जाऊ."

माझ्याकडे साडेतीनशे सीसीची मोटरसायकल आहे आणि दिवाळीत मी तिच्यासाठी वेगळं जीपीएस घेतलं होतं. फोन असताना हे कशाला, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून इथेच सांगते. हँडलवर फोन लावून मी एक उन्हाळा काढला. तो उन्हात तापून बंद पडायचा, आणि इंजिनाच्या थरथरीनं त्याचा कॅमेरा कायमचा धूसर झाला. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात रेंज गेली की नवा रस्ता शोधता यायचा नाही. म्हणून दुकानात गेले तेव्हा मी चारच गोष्टी पाहिल्या. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसते का (यंत्र हातात घेऊन दुकानाबाहेर जा, आत सगळीच छान दिसतात), हातमोजे घालून बोट चालतं का, पाण्यात टिकतं का, आणि सगळा नकाशा यंत्राच्या आत आहे का. चांगल्या फोनाएवढी किंमत पडली. वायर पंचवटीतल्या इलेक्ट्रिशियनकडून थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये फ्यूज टाकून. हे काम घरी करायला जाऊ नका.

शुक्रवारी संध्याकाळी 'उंबरपाडा' टाइप केलं तर तीन नावं आली. तिन्ही पश्चिमेकडची.

"अण्णा, यातलं कुठलं?"

"नदीपलीकडे आहे म्हणायचा. आणि पेठला बस बदलायचा."

त्या भागात नदीपलीकडे नसलेलं गाव सापडणं कठीण. पेठचं नाव निघालं म्हणून मी पेठजवळचा उंबरपाडा निवडला. ही चूक माझी, यंत्राची नाही.

शनिवारी सहाला निघालो. पंचवटीच्या बाजारात अण्णांनी झेंडूचा हार घेतला आणि तो पिशवीत घालून मांडीवर धरून बसले. पेठ रोड करंजाळीपर्यंत चांगला आहे. सावळ घाटात मात्र वळणावर खडी पसरलेली असते, वेग आवरा. करंजाळीला मिसळ खाल्ली, म्हणजे मी खाल्ली. अण्णांनी पाव कुस्करून ठेवला. हेल्मेटमध्ये जीपीएसचा आवाज एकाच कानात ठेवला होता, दुसरा कान अण्णांसाठी मोकळा. पेठला टाकी भरली. पुढे पंपाचा भरवसा नाही, तुम्हीही भरा.

पेठ सोडल्यावर फोनची रेंज गेली, पण स्क्रीनवरचा बाण निमूट पुढे सरकत राहिला. दोन्ही बाजूंना भातकापणी चालू होती. साडेनऊला आम्ही एका कौलारू घरासमोर थांबलो. अंगणात माणसं बसली होती. भोयांचं घर हेच, असं वाटेत एका बाईनं सांगितलं होतं.

ओट्यावर खुर्चीत फोटो ठेवला होता. अण्णा हार घेऊन पुढे गेले, वाकले, आणि तसेच थांबले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी दंड धरला, तर ते हळू आवाजात म्हणाले, "वैशू, हा सीताराम नाही."

मृताचा मुलगा उठून आला. डोक्याला रुमाल बांधलेला, तिशीतला.

"तुमचे वडील ओझरला होते ना, कारखान्यात?" मी विचारलं.

"नाय ताई. बा कंदी ओझरला नव्हता. द्राक्षाच्या कामाला जायचा, दिंडोरीकडं." मग त्याच्या लक्षात आलं. "तुमचा भोये सुरगाण्याच्या बाजूचा, उंबरठाणकडचा. तठंबी एक उंबरपाडा हे. नावबी बाचंच, म्हणून त्याची टपाल कधी कधी आमच्याकडं यायची."

"तो... बरा आहे का?" अण्णांनी विचारलं.

"दिवाळीच्या बाजारात दिसलेला. आता काय ठाव नाय."

आम्ही निघू असं मला वाटलं. पण अण्णांनी तो हार त्या अनोळखी फोटोला घातला, हात जोडले आणि सतरंजीवर बसले. कोरा चहा आला, तो पूर्ण प्यायले. मुलाला विचारलं, वडील कशानं गेले, घरात कोण कोण आहे. निघताना मुलगा आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या उंबरपाड्याला निघताना यंत्रानं दोन रस्ते सुचवले. जवळचा घेतला आणि तीन किलोमीटरवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत अडकायची वेळ आली. मागे अण्णा बसलेले, गाडी जड. तिथेच थांबून 'कच्चे रस्ते टाळा' हे सेटिंग चालू केलं आणि मागे वळले. ते घरूनच चालू करून निघा. बाऱ्हे गावावरून फिरून तासभर जास्त लागला. त्या तासात अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि प्रत्येक पाटीला तो घट्ट व्हायचा.

गावाबाहेरच्या खळ्यावर एक म्हातारा भाताच्या पेंढ्या झोडत होता. अंगात विटलेला निळा शर्ट. मी स्टँड लावायच्या आत अण्णा उतरले.

"सीताराम."

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन? जगन्नाथ? अरे, तू कसा काय इकडं?"

"तू गेलास म्हणून आलो," अण्णा म्हणाले आणि खाली पेंढ्यांवरच बसले. ते हसत होते, पण डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," ते म्हणाले. "आता आलास तर जेवून जा."

त्यांचा फोन गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात नदीत पडला होता आणि नंबर सगळे त्यातच गेले. मग नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. अण्णांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. इतकं जेवताना मी त्यांना आठवडाभर पाहिलं नव्हतं. मी ओट्यावर आडवी झाले आणि ते दोघं कुठल्याशा जुन्या सुपरवायझरची नक्कल करत बसले.

परतताना सुरगाणा, बोरगाव, वणी, दिंडोरी असा मोठा रस्ता धरला. लांब पडतो, पण सरळ आहे. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ग्रुपवर काकांबरोबरचा फोटो टाकला, आणि मेसेज टाकणाऱ्या गृहस्थांनी लगेच फोन करून दहा वेळा माफी मागितली.

त्या प्रवासाला आता महिना झाला. काकांचं खळं यंत्रात साठवलंय, दर रविवारी फोनही होतो. पण परवा मी गाडी पुसत असताना अण्णा बाहेर आले.

"तो पहिला उंबरपाडा आहे का यात अजून?"

"आहे. का?"

"फोटो पाहिला तेव्हा मला आनंद झाला गं," ते म्हणाले. "त्या पोराच्या बापाच्या फोटोसमोर उभा राहून. त्याच्या लक्षात आलं असेल का?"

मी फडकं बाजूला ठेवून यंत्र सुरू केलं.

"एकदा परत जाऊ," अण्णा म्हणाले. "या वेळी त्याच्याच घरी म्हणून जाऊ."