कॉफीच्या वडीतली कचकच

कॉफीचं फज करताना मी फिल्टर कॉफीची भरड पूड तशीच आटलेल्या दुधात ओतली, हा मूर्खपणा आता कबूल करायला हरकत नाही. कऱ्हाडला सासरी माझी पहिली दिवाळी होती. चकलीचा सोऱ्या जावांच्या हाती आणि मला काम काय, तर चिवड्याचे शेंगदाणे सोलायचं! सांगलीच्या कॉलेजात शिकलेली मी, हे कसं सोसणार? "फज तर मी डोळे मिटून करते," असं सांगून मी गॅस अडवला. बहुधा डोळे मिटूनच केलं.

फौजी दिरांनी बंगळूरहून आणलेली ती पूड गाळून प्यायची असते, ती विरघळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आणि विचारणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. तूप लावलेल्या ताटात थापून मी झकास वड्या पाडल्या. पहिल्याच घासाला घरभर दातांची कचकच ऐकू आली. "कॉफीचा खरा स्वाद असाच असतो," मी ठणकावलं.

सासूबाईंनी तोंडातली वडी कशीबशी गिळली, तांब्या जवळ ओढला आणि म्हणाल्या, "ग्वाड लय झालंय गं पोरी, पर फुडच्या बारीला कापी डाळीगत निवडून घे. खडं लय हायती."