एका फेरीच्या शर्यतीसाठी अमरावती ते अकोला

अकोल्याला जायचं ठरलं ते ताईचं लग्न मोडू नये म्हणून. साठ साल होतं, दिवाळी नुकतीच झाली होती आणि अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये परदेशातल्या जागतिक स्पर्धेचं न्यूजरील लागल्याची खबर आली होती. पुरुषांची एका फेरीची शर्यत त्यात दाखवतात, असं कुणीतरी अप्पांना सांगितलं. तीच शर्यत, जिच्यात आपल्या धावपटूचं पदक थोडक्यात हुकलं आणि अख्ख्या देशाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, अमरावतीत ड्रिल मास्तर होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या मुलींनाही शिकवायला यायचे, म्हणून माझी फी माफ होती. ताई मला ‘मडम’ म्हणायची. तिचं लग्न अकोल्याचे कापसाचे व्यापारी दाजीसाहेब यांच्या मुलाशी, वसंताशी, ठरल्यात जमा होतं. वसंता अमरावतीत कॉलेजला होता आणि रोज पहाटे अप्पांकडे एका फेरीच्या शर्यतीचा सराव करायचा. सराव झाला की आमच्याकडे चहा, आणि चहा द्यायला ताई. त्यामुळे त्याचा सराव एकही दिवस बुडला नाही.

मग आदल्या हिवाळ्यात कॉलेजची शर्यत झाली. दाजीसाहेब गाडीभर सोयरे आणि पोराला बांधायला नवा फेटा घेऊन आले. अप्पांनी मैदानावर चुन्याच्या रेघा आखलेल्या. वळणावर आतल्या रेघेवरून पळणाऱ्याला अंतर कमी पडतं, म्हणून बाहेरच्याला पुढे उभं करायचं, म्हणजे सगळ्यांचं अंतर सारखं. जगभर हीच पद्धत. वसंता सगळ्यात आत होता, म्हणून सगळ्यांच्या मागे. तो दुसरा आला. पहिला आला तो नेमका सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात पुढे उभा असलेला मुलगा.

दाजीसाहेबांनी फेटा तसाच परत नेला. होणाऱ्या सुनेच्या बापानं भर मैदानात आपल्या पोराला मागे उभं केलं, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडेना. वसंतानं समजावलं, तर म्हणाले, तू त्यायचा चहा पेलेला हायेस, तू त्यायचंच बोलशील. लग्नाची बोलणी थांबली. दिवाळीत कळलं, ते खामगावची एक मुलगी पाहायला जाणार आहेत. ताईनं त्या दिवसापासून मला मडम म्हणणं सोडलं. घर एकदम शांत झालं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

अप्पांचा विश्वास होता की दाजीसाहेबांना एकदा पडद्यावर रेघा दिसल्या की सगळं मिटेल. निघताना ताईनं मला दारामागे ओढलं. अप्पांना तिथे जास्त समजावू देऊ नको, एवढंच म्हणाली. अप्पा समजावायला लागले की समोरचा माणूस उठून जाईपर्यंत थांबत नसत, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आता तुम्ही गाडी काढून मूर्तिजापूरवरून तासा-दोन तासांत अकोला गाठाल. आम्ही सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला गेलो, तिथे मोठी गाडी धरली. आईच्या मांडीवर संत्र्यांची टोपली होती, दाजीसाहेबांसाठी. बोरगाव येईपर्यंत टोपली बरीच हलकी झाली, कारण अप्पा डब्यातल्या एका अनोळखी गृहस्थाला संत्री मांडून शर्यतीच्या रेघा दाखवत होते आणि दाखवून झालेली संत्री त्यालाच देत होते. गृहस्थ फार मन लावून ऐकत होता. रस्ताभर डोळ्यांना काळी जमीन आणि फुटलेला कापूस. हा मुलूख पाहायचा तर याच दिवसांत पाहा.

अकोल्यात स्टेशनवरून टांगा केला. कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ता भरलेला, त्यामुळे टांग्यापेक्षा पायी लवकर पोचलो असतो. दाजीसाहेबांनी दारात आमचं स्वागत इतकं छान केलं की मला वाटलं राग गेला. आई हळूच म्हणाली, भांडण आपल्या जागी, पंगत आपल्या जागी, वऱ्हाडात असंच असतं. पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, झणझणीत भाजी, भाकरी, आणि सांबारवडी. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अकोल्याला गेलात तर खाल्ल्याशिवाय परतू नका.) माझं शुद्ध मराठी ऐकून दाजीसाहेब म्हणाले, मास्तर, ही पोरगी तर पुस्तकातून बोलून राह्यली. आग्रह करकरून वाढलं, पण ताईचं नाव कुणी काढलं नाही. दिवाळीच्या सुटीला घरी आलेला वसंता खाली मान घालून जेवत होता.

तीनच्या खेळाला दाजीसाहेबांना आणि वसंताला घेऊन बाल्कनीत बसलो. दिवे गेले. आधी एका धरणाचं उद्घाटन, मग पूर, आणि मग ती शर्यत. अप्पा खुर्चीच्या टोकावर. पडद्यावर मैदान, पांढऱ्या रेघा, आणि धावपटू एकामागे एक तिरके उभे. अगदी अप्पांनी उभे केले होते तसे. अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

आपला माणूस बाहेरच्या बाजूला होता. आतले सगळे त्याच्या मागे होते, पुढे फक्त एक. दाजीसाहेबांना तो एकच दिसला.

बंदुकीचा बार झाला, सगळे सुटले. टॉकीजभर शिट्ट्या. शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तरी लोक आपल्या माणसाला ओरडून पळवत होते. तो पुढे उभा असलेलाच थोडक्यात आधी पोचला आणि पदक घेऊन गेला.

दाजीसाहेब उठले. मालक त्यांच्या ओळखीचा. न्यूजरील पुन्हा लावायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त सुरुवात पाहिली आणि अप्पांचा हात धरला.

‘‘पाहा मास्तर. आपल्या मानसाच्या पुढं त्यायनं एक उभा करून ठेवला. मंग पदक कसं भेटन?’’

‘‘बाबा, तसं नसते ते,’’ वसंता म्हणाला.

‘‘तू चूप बस. एवढ्या मोठ्या मानसाले त्यायनं मांगं ठेवलं, अन् माह्या वसंतालेबी मांगंच ठेवलं होतं.’’ त्यांनी वसंताच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘म्हंजे माह्या पोराची शर्यत त्याच्यासारखीच झाली म्हना की.’’

अप्पांनी तोंड उघडलं. हात हवेत गेला, बोट वळण काढायला लागलं. बारा महिने ते या क्षणाची वाट पाहत होते. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वसंताकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

‘‘वसंता छानच पळाला होता,’’ अप्पा म्हणाले. एवढंच.

‘‘मंग इवाईबुवा,’’ दाजीसाहेब म्हणाले, ‘‘चाहा घेऊ. खामगावले नाही जात आता मी.’’

इवाई म्हणजे व्याही. आईनं डोळ्यांना पदर लावला. पुढचा सिनेमा कुठला होता, आम्हाला कुणालाच आठवत नाही.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत बसले. समोर एक उतारू होता, चांगला ऐकणारा वाटत होता, पण त्यालाही त्यांनी काही सांगितलं नाही. मला त्यांची काळजी वाटली. घरी दारात ताई उभी होती. आईनं तिला जवळ घेतलं तेव्हा अप्पा चपला काढायचं विसरून तसेच तिच्याकडे बघत राहिले.

मी नंतर पुष्कळ फिरले, समुद्रापलीकडेही गेले. अमरावती-अकोल्याएवढा लांबचा प्रवास मात्र माझ्या वडिलांनी केला तसा मला कधी जमला नाही. चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय मला राहवत नाही, यजमान अजून त्यावरून चिडवतात.

लग्न उन्हाळ्यात आमच्या अंगणात झालं. पंगतीत दाजीसाहेब अख्ख्या वऱ्हाडाला सांगत होते की जगात दोनच धावणाऱ्यांना मागे उभं केलं गेलं, एक परदेशात आणि एक अमरावतीत. अप्पा जिलेबी वाढत त्यांच्यापाशी आले. गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावली, आणि नको नको म्हणत असताना व्याह्यांच्या पानात आणखी दोन जिलेब्या ठेवून पुढे सरकले.